भागूचा दगड

वारूळवाडीच्या राघूच्या अंगात राग आला की घरचे म्हणत, "झालं, शिमल्याचं वारं सुटलं." रागाला कारण कसलंही चाले. वावराच्या मधोमध कुणा अनोळखी मेलेल्या माणसाच्या आठवणीचा जुना दगड होता. त्याच्यामुळे सरी वाकडी होते, यंदा उपटतोच, असं तो दरवर्षी म्हणे.

खरा राग मात्र एकाहत्तरच्या लढाईचा. शेवटच्या झटापटीत त्याच्या पलटणीने सुरुंगांतून वाट काढत पाकिस्तानातल्या शकरगडकडची एक वाडी घेतली. त्यात त्याच्याच आळीतला भागू पडला, आणि दुसऱ्या दिवशी लढाई थांबली. भागूला अग्नी दिला तिथे, गव्हाच्या शेतात, राघूने धनगरी रिवाजाने दगड उभा केला आणि जेजुरीचा भंडारा लावला. पुढे शिमल्याला करार झाला, जिंकलेली जमीन परत द्यायची ठरली. पलटण सामान बांधून मागे आली, दगड पलीकडे राहिला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं!

शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला बोलवत. विजयापर्यंत टाळ्या पडत. करारावर आला की मास्तर हळूच माइक काढून घेत.

भागूच्या आईचा, ठकूबाईचा, एकच हट्ट होता: मरायच्या आधी तो दगड बघायचा. नव्याण्णव साली लाहोरची बस सुरू झाली तशी तिने गाठोडं बांधलं. राघूने पासपोर्टसाठी पुण्याला खेटे घातले. उन्हाळ्यात कारगिल पेटलं. शेवटी तो तिच्या दारात जाऊन बसला.

"आता न्हाई जमायचं, म्हातारे."

तिने गाठोडं सोडलं. "राघ्या, तिथं नांगर धरणारा दगडापाशी वळत असंल, का उपटून टाकीत असंल?"

"मला काय म्हाईत!" राघू तिरमिरीत उठला आणि थेट वावरात आला. त्या दिवशी नांगरट चालू होती. ट्रॅक्टरवाल्या दादाभाऊने जुन्या दगडाला साखळी बांधून ठेवली होती.

"नाना, वढू का?"

राघू दगडापाशी जाऊन उभा राहिला. मग तो एकदम खेकसला, "सोड ती साखळी. वळून घे."

"आवो, सरी वाकडी व्हईल. तुमीच तर म्हणला व्हता."

"व्हऊ दे वाकडी! त्याला बी आई असंल."