जावयासाठी न कापलेली कोंबडी

आमच्या डोंगरगावात रीतच आहे, जावई आला की सासूनं अंड्यावरची कोंबडी कापायची. मग ती घरातली एकुलती एक का असेना! आणि ओक्सिमची ठिपकेवाली तर भर हिवाळ्यात अंडी देणारी. आमच्या कोंबड्या पानगळ झाली की संपावर जातात.

ओक्सिम माझी शेजारीण. नवरा लवकर गेला, पोरगी बुनी वाढवली ती याच अंड्यांवर. खुराडं तिनं चुलीच्या भिंतीला लागून बांधलेलं. चूल पेटली की कोंबड्यांनाही शेक मिळायचा. खाली हातभर पेंढा, ओला दिसला की लगेच बदलायचा. दाराला गवताची चटई, पण वर एक फट कायम उघडी. "थंडीपेक्षा दमटपणा वाईट गं," असं मला सांगायची. सकाळी कोमट पाणी आणि मुळ्याचा पाला घातलेला गरम कोंडा.

"स्वतः खाते गार भात, नि कोंबडीचे लाड बघा!" मुखियाची बायको हसायची.

बुनीचं लग्न झालं आणि पहिल्याच थंडीत निरोप आला, जावई चोल्गु येतोय. मुखियाची बायको दारात हजर.

"काय गं बुनीची आई, सुरीला धार लावलीस का? की जावयापेक्षा कोंबडी प्यारी? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल हो!"

मेली बोलली ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. ओक्सिमचा चेहरा उतरला. पोरीपुढे कोंबडीची काय कथा?

चोल्गु आला, अंगावरचं बर्फ झटकून सासूच्या पाया पडला. ओक्सिम सुरी घेऊन मागे गेली. कोंबडीचे पाय धरायला मी. ठिपकेवालीला उचललं, तर खाली अंडं, अजून गरम. ओक्सिमला रडूच कोसळलं.

"सासूबाई, हे आत्ताचं?" मागे जावई उभा! त्यानं खुराड्यात हात घातला, भिंत चाचपली. "अहो, इथं तर आमच्या खोलीपेक्षा ऊब आहे! आमच्या आईच्या कोंबड्या थंडीभर नुसत्या फुकट खातात. ठेवा ती सुरी. हिला कापलीत तर आजच जेवीन. आमच्याकडे असं खुराडं बांधून द्याल, तर रोज जेवीन."

"मी? विहिणीच्या घरी?" ओक्सिम हबकली. विहिणीचं घर आणि संडास जितके लांब तितके बरे, असं मानणारे आम्ही!

चोल्गु वाफवलेलं अंडं आणि आंबवलेल्या कोबीची किमची चाटूनपुसून जेवला नि गेला. पाठोपाठ विहिणीचं आमंत्रण आलं. ओक्सिम धुतलेले कपडे घालून गेली, विहिणीच्या चुलीमागे खुराडं उभं करून आली.

नव्या वर्षाच्या सणाला बुनी माहेरी आली. हातात पेंढ्यात ओळीनं बांधलेली अंडी, सगळ्या गावासमोर लोंबकळत. "आई, सासूबाईंनी पाठवलीत. म्हणाल्या, पहिली अंडी तुझ्या आईची."

ओक्सिमनं ती छातीशी धरली. मला तर ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडलेच! अंगणात ठिपकेवाली कोंडा टिपत होती.

मुखियाची बायको चुळबुळत पुढे आली. "बुनीची आई, आमच्याही चुलीची भिंत जरा बघून जा ना. दुपारी जेवायलाच ये."

"येईन की," ओक्सिम म्हणाली. "पण माझ्यासाठी कोंबडी कापू नकोस हं!"