दारातला हार

आमच्या सुलेखाला लग्नं पार पाडायची भारी हौस. इकडे परदेशात, बिशानमध्ये कुणाकडे कार्य निघालं की हॉल, फुलं, जेवण, गाड्या, सगळं ही अंगावर घेणार. मी तिचा पंचवीस वर्षांचा नवरा आणि तेवढाच जुना बिनपगारी टायपिस्ट. ती वहीत लिहिते, मी वेळापत्रक टाइप करतो. ऑफिसात ती एक आकडा तीनदा तपासते. घरी मात्र एकदा वहीत आलं की काळ्या दगडावरची रेघ.

सबीहा आमच्याच मजल्यावरची, मूळची कराचीची. लेकीचं, मिनहालचं लग्न ठरलं तेव्हा ती रडकुंडीला आली होती. चार दिवसांचं लग्न आणि बहिणी सगळ्या तिकडे. सुलेखा म्हणाली, "घबराओ मत, हम कर लेंगे." मायूंला मुलीला पिवळे कपडे घालून बसवतात हे कळल्यावर ती खूश. "म्हणजे आपली हळदच की!" मग मेहंदी, मग बारातीचा दिवस, शेवटी मुलाकडची मेजवानी, म्हणजे वलीमा. वहीत प्रत्येक शब्दापुढे हिने मराठी शब्द लिहिला.

एका गोष्टीसाठी मात्र सबीहाने मुद्दाम फोन केला. तिचे अब्बा नर्सिंग होममध्ये होते. छातीचं दुखणं, दीड तासाच्या वर बसवत नसे. सबीहाच्या लग्नात ते बोटीवर नोकरीला होते, वेळेत पोचले नव्हते. आता नातजावयाला स्वतःच्या हाताने हार घालायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. "अब्बा को बारात के वक़्त ले आना, सुलेखा. बस उतनी देर." हार कुठे घालायचा ते सांगायची सबीहाला गरज वाटली नाही, हिला विचारायची.

सुलेखाने एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्याच लिहून घेतलं. ऐकलं बारात, लिहिलं वरात. सिनेमात घोड्यावरून येणारी बारात तिने हजारदा पाहिली असेल, पण हाताला वळण मराठीचं. आणि आपली वरात निघते ती लग्न लागल्यावर, मुलीला सासरी घेऊन.

टाइप करताना मी अडखळलो. लग्न दुपारचं. बाराला मुलाकडचे येणार, चारला मुलगी निघणार. पुढे ओळ होती, 'अब्बा, वरात, साडेतीन.'

"सुलेखा, आजारी माणसाला इतक्या उशिरा? सबीहाला एकदा विचार ना."

"प्रबोध, वहीत आहे ते टाइप कर. उगाच फाटे फोडू नकोस."

मला मॅच बघायची होती. केलं टाइप.

बाराला हॉलच्या दाराशी ढोल वाजला. सबीहा धावत आली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "अब्बा कहाँ हैं?" सुलेखाचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. व्हीलचेअरची गाडी साडेतीनला ठरलेली. दुसरी मिळवून ती स्वतः आणायला गेली. वऱ्हाड वीस मिनिटं दारात थांबलं. पण काझींना पुढे आणखी एक निकाह होता. शेवटी सबीहानेच सगळ्यांना आत घेतलं.

अब्बा आले तेव्हा सव्वा वाजला होता. करडी शेरवानी, मांडीवर गुलाबाचा हार. सकाळी आठपासून तयार होऊन वाट बघत होते, असं नर्स म्हणाली. निकाह होऊन गेला होता. नवरा मुलगा स्टेजवरून उतरून त्यांच्यापुढे वाकला. त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"अब्बा, यहीं पहना दीजिए ना," सबीहा म्हणाली.

"वो दरवाज़े का हार था, बेटा."

हार मांडीवरच राहिला. सुलेखा त्यांच्या खुर्चीशी बसून रडतरडत आपली चूक सांगू लागली. सगळं ऐकून ते हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं. आपके यहाँ जाती है, हमारे यहाँ आती है." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दोन महिन्यांनी अब्बा गेले. सबीहाने आम्हाला शब्दानेही कधी दुखवलं नाही. ईदेला शीरखुर्माही आला. सुलेखाने वही कपाटात टाकली आणि चूक आपली एकटीची म्हणून सगळ्यांना सांगत राहिली. मी गप्प बसतो. ती ओळ मला खटकली होती. सबीहाचं दार आमच्या दारापासून आठ पावलांवर आहे. मी का नाही गेलो?

गेल्या रविवारी सुलेखाची मैत्रीण अश्लेषा आली, मुलाच्या लग्नाचं सांगायला. ती मूळची पुण्याची. फार आग्रह केला तेव्हा सुलेखाने वर्षभराने वही काढली.

"वरातीला ढोल-ताशा हवाच हं," अश्लेषा म्हणाली.

सुलेखाचं पेन थांबलं. "वरात म्हणजे येतानाची की जातानाची?"

"अगं, मराठीच ना तू?" अश्लेषा हसायलाच लागली.

सुलेखाने पुन्हा तेच विचारलं. मीही लॅपटॉपवरचे हात उचलून उत्तराची वाट बघत बसलो.