सवादोन तासांवरची ताई

त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला होता, नर्मदामैयाचासुद्धा. सकाळी बंगलोरहून भाच्याचा फोन आला. उषाताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, हृदयाचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला ठरलं होतं आणि ती सारखी माझी वाट बघत होती. जबलपूर ते बंगलोर साडेअकराशे किलोमीटर, विमानाने सवादोन तास, असं मोबाईल दाखवत होता. दुपारचं थेट विमानही होतं. पण जाणार कशी? माझी परिक्रमा चालू होती.

गुडघ्यांमुळे मी ती बसने, टप्प्याटप्प्याने करत होते. अमरकंटक झालं होतं, पुढचं दिवाळीनंतर. पुरी होईपर्यंत मैया ओलांडायची नाही, हा नियम. तीन महिने मी मैयावरच्या तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, दिराच्या मुलीचं लग्नसुद्धा चुकवलं. आणि हे विमान तर उडाल्या उडाल्या मैया ओलांडणार. दोन जाणत्यांना विचारलं. एक म्हणाले, विमानाचं धरत नाहीत. दुसरे म्हणाले, संकल्प मोडतो. कपाळ माझं!

मग कागद घेऊन बसले. कटनीवरून रेल्वेने बिलासपूर, म्हणजे मैयाच्या उगमालाच वळसा, पुढे रायपूर, तिथून विमान. कसंही जुळवलं तरी पोचायला उद्याची संध्याकाळ. "काहून डोकं फोडून राहिली? सरळ विमानात बस ना," आमचे हे म्हणाले. मी अशी खेकसले की ते चहा तसाच ठेवून बाहेर निघून गेले.

शेवटी रिक्षा केली आणि ग्वारीघाट गाठला, सरळ मैयाशीच भांडायला. पायरीवर एक म्हातारी परिक्रमावासी डाळ निवडत बसली होती. मी काय पुटपुटत होते ते तिनेच विचारलं, आणि मी सगळं ओकून टाकलं. तिने सूपही खाली ठेवलं नाही.

"बहन बीमार है और तू मैया का नाम लेकर घर बैठी है? ऐसी माँ तेरी होगी, मेरी तो नहीं है।"

"संकल्प टूट जाएगा, अम्मा."

"तो टूटने दे। फिर से उठा लेना। मैया कहीं भागी जा रही है?"

मला आधी चीड आली, मग रडू आलं. तीन महिने मी मैयाला कमी आणि माझ्या न मोडलेल्या नियमालाच जास्त जपत होते. पाण्यात हात घातला आणि म्हटलं, मोडला संकल्प, आता तूच सांभाळ. घरी आले तर ह्यांनी सकाळीच तिकीट काढून ठेवलं होतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं!

संध्याकाळी मी ताईच्या खाटेशी होते. "आलीस? मला वाटलं, बसशील नियम कुरवाळत," ती म्हणाली. मी तिची वेणी घातली. लहानपणी ती माझी घालायची, केस ओढून. मग माझा हात धरूनच तिला झोप लागली.

सकाळी तिला आत नेलं. ती परत आली नाही.

रायपूरवरून निघाले असते, तर वाटेतच ते कळलं असतं. ती म्हातारी कोण, कुठली, मला ठाऊक नाही आणि शोधायचंही नाही. दिवाळीनंतर पहिल्या पावलापासून परिक्रमा उचलणार आहे. या खेपेला मैयाला एवढंच सांगितलंय, की तू बोलावशील तिकडे येईन आणि तू थांबवशील तिथे थांबेन. माझ्या ताईची शेवटची संध्याकाळ तू मला दिलीस.