तीन तांब्यांची तुळस

‘काय बिघडतंय!’ म्हणत तो गळ्यातला पास बोटाभोवती गरगर फिरवायचा. सिंगापुरात जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसे आणि हौगांगला राहायलाही माझ्याच शेजारी. असा एखादा शेजारी तुम्हालाही लाभला असेल. त्याचं सगळं जमत जातं आणि पोट आपलं दुखतं.

त्याच्या घरी झाड म्हणून जगत नसे. माझी बायको दर दिवाळीला त्यांना तुळस द्यायची आणि थोड्याच दिवसांत कुंडीत काड्या उरायच्या. शेवटी कारण मीच शोधलं. आंघोळ झाली की तो, त्याची बायको आणि मुलगी, तिघंही एकमेकांना न सांगता तुळशीला तांब्याभर पाणी घालत.

‘अंकल, आय गिव्ह वन तांब्या ओन्ली लाह!’ मुलगी म्हणाली.

‘अरे, मुळं कुजतात,’ मी म्हणालो.

‘तुळशीला पाणी घातलं तर काय बिघडतंय!’ हा.

माझ्या दारापुढे मात्र मोगरा, कढीपत्ता, अळू. कधीतरी ही नोकरी सोडून रोपवाटिका काढायची, हे मी बसमध्ये त्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याला ते पाठ असावं.

मग त्याने इथलं नागरिकत्व घेतलं. ‘भारताचा निळा पासपोर्ट सोडलास? आपल्याला नाही बुवा जमणार,’ मी नाक मुरडलं. आणि एके सकाळी बसमध्ये तो म्हणाला, ‘अमेरिकेत बागकामाचा छोटा धंदा विकत घेतलाय. दोन ट्रक, गवत कापायची यंत्रं, बांधलेली गिऱ्हाइकं. इथल्या लाल पासपोर्टवर तिकडचा इन्व्हेस्टर व्हिसा मिळतो.’

‘तू? आणि बागकाम?’

‘शिकेन की. काय बिघडतंय!’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुळशी बुडवणाऱ्याला बागा, आणि मी आपला रिफायनरीचे पाइप तपासतोय! घरी येऊन म्हणालो, ‘वर्षभरात दिवाळं काढेल, बघ.’

‘अहो, हेवा वाटतोय ना?’ बायकोने विचारलं. वाटत होताच.

जायच्या दिवशी तो शेवटची तुळस घेऊन दारात उभा राहिला. सवयीने हात गळ्याकडे गेला, पण पास तर परत करून झाला होता.

‘एक जाणकार माणूस सोबत न्यायची सोय होती रे,’ तो म्हणाला. ‘वकिलाला मी तुझंच नाव सांगितलं. पण सोबत येणाऱ्याचाही पासपोर्ट लाल लागतो म्हणे.’

‘काय बिघडतंय!’ मी म्हणालो. ते मला त्याच्यासारखं म्हणता आलं नाही.

त्याची तुळस आता माझ्या दारात छान वाढली आहे. परवा त्याने फोटो पाठवला. लांबच लांब हिरवळ, शेजारी त्याचा ट्रक. जळफळत मी तो मोठा करून पाहिला. एका कडेचं गवत पिवळं पडलं होतं. पाणी जास्त होत होतं.

हेवा काही गेलेला नाही. तरी लगेच लिहिलं, ‘अरे, वन तांब्या ओन्ली!’