नौबादच्या मामांचं पातं

या जगात अजून काही वस्तू बोथट उरल्या असतील, तर त्या केवळ नौबादच्या मामांना तिथवर पोचायला सवड झाली नाही म्हणून. हे मामा माझ्या बायकोचे. बिदरला नौबादच्या एका शांत गल्लीत त्यांचं घर आहे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडून ते निवृत्त झाले आणि घरापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी हिरवळ लावली. बिदरच्या तांबड्या मुरमात असलं गवत धरणार नाही, असं भेटेल तो त्यांना सांगत होता, आणि माझा असा अंदाज आहे की कोणी तसं सांगितलं नसतं तर त्यांनी ती लावलीही नसती. गवत धरलं. मग बंगळूरच्या मुलाने पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन पाठवून दिलं. वडील सकाळी मशीन ढकलतील, तेवढाच त्यांना व्यायाम होईल, असा त्या भाबड्या मुलाचा हिशेब होता. पण थोड्याच दिवसांत असं दिसून आलं की मामांना गवत कापण्यात मुळीच गोडी नव्हती. गोडी होती ती मशीनच्या पोटाखाली जे लोखंडी पातं असतं, त्याला धार लावण्यात. गवत कापायचं ते पातं पुन्हा बोथट व्हावं म्हणून.

हा सोहळा रविवारी सकाळी असायचा, आणि मी जावई असल्यामुळे मला मानाने बोलावलं जायचं. जावयाचा मान म्हणजे मशीन आडवं धरून उभं राहणं. आधी प्लगची वायर काढायची. ती काढल्याशिवाय मशीनला कोणी हात लावला तर मामा अंगावर धावून येत. मग मशीन एका कुशीवर निजवायचं, पण कुठल्या कुशीवर, यावर एक व्याख्यान असे. मग लाकडाचा ठोकळा अडकवून नट सैल करायचा, पातं काढून धुवायचं, शिकंज्यात घट्ट आवळायचं आणि कानस घ्यायची. कानस पुढे नेताना घासायची, मागे आणताना अलगद उचलायची. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की मी आता दातसुद्धा तसेच घासतो. "जावई, कानशीला मागं वढायलाव म्हंजे तुमी तिला मारायलाव," असं ते म्हणायचे. धार लावताना त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळून भुवईपर्यंत यायची आणि चेहऱ्यावर असं समाधान दिसायचं की मला माझ्या कलबुर्गीच्या कापडदुकानात दिवाळीच्या गर्दीतही कधी तसं लाभलेलं नाही. त्यांच्या लेखी हे कायक होतं. आमच्याकडे मनापासून केलेल्या कामाला पूजेइतकं मानतात. मामांनी फक्त मानण्यात जरा जास्त पुढाकार घेतला होता.

धार लागली की तोल. पात्याच्या मधल्या भोकातून ते खिळ्यावर अडकवायचं आणि बघायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड, तिकडे अजून घासायचं. हा खिळा अंगणात असायला कोणाचीच हरकत नव्हती. पण अंगणात वारा लागतो आणि वाऱ्यात तोल खोटा दिसतो, म्हणून मामांनी तो बैठकीच्या भिंतीवर, पाहुण्यांच्या कोचाच्या बरोबर वर ठोकला. मामांच्या पोरीला बघायला आलेली एक मंडळी या लटकत्या पात्याखाली बसून चहा प्यायली आणि पुन्हा आली नाही. मामा म्हणाले, "ज्यांना तोल कळत न्हाई, त्यांच्या घरात पोरगी देऊन काय करायचं?" तोलाचं हे खूळ पुढे पात्यापुरतं राहिलं नाही. बाजारातून येताना दोन्ही पिशव्या सारख्या वजनाच्या झाल्या नाहीत तर ते वांगी इकडून तिकडे करत रस्त्यात उभे राहायचे. रिक्षात बसताना ते पाहुण्यांची जाडी बघून जागा ठरवून द्यायचे. मला नेहमी मधे बसवायचे, त्यावरून मी काय ते समजलो.

गल्लीतल्या विळ्या, अडकित्ते, खुरपी आणि नारळ फोडायचे कोयते हळूहळू त्यांच्याकडे वळले. कोणी आणून दिले नाहीत तर ते स्वतः जाऊन आणायचे. लग्नघरी जेवायला गेले की पंगत बसायच्या आधी आचाऱ्याकडची सुरी अंगठ्यावर हलकेच फिरवून बघायचे आणि वाईट चेहरा करायचे. सायकलवर धार लावायची साण घेऊन फिरणारे एक चाचा पूर्वी महिन्यातून एकदा गल्लीत यायचे. त्यांनी मला कोपऱ्यावर अडवून सांगितलं, "मियां, तुमच्या मामूला बोला, मेरे को भी कुछ छोडो." मी निरोप पोचवला. मामांनी चाचांना बोलावून चहा पाजला, त्यांची साण फिरवून बघितली आणि ती एका बाजूला झिजली असल्याचं दाखवून दिलं. चाचा त्यानंतर या गल्लीत फक्त चहाला येतात. माझ्या दुकानाची कात्री तर मी एकदाच त्यांच्या हाती दिली. परत आली तेव्हा ती कापडाला टेकवायचाच अवकाश, की सरळ ताग्याच्या दुसऱ्या टोकाला. गिऱ्हाईक अजून भाव करत होतं आणि माझ्या हातात त्याचं कापलेलं धोतर होतं.

या सगळ्यात मामींचं कसं चालायचं, तर त्यांच्याकडे ज्वारीच्या डब्यात लपवलेली एक बोथट सुरी होती. मामांच्या धारेच्या विळीवर भाजी चिरायची त्यांची छाती होत नसे. मामी बोलायच्या थोडं, पण बोलल्या की सगळ्या घरात ऐकू यायचं. मामांचं धारेचं व्याख्यान लांबलं की त्या स्वयंपाकघरातून "साकु आता" एवढंच म्हणायच्या, आणि कानडीतलं ते 'पुरे' ऐकताच मामांचा विषय मधल्या शब्दावर बंद व्हायचा.

खंडेनवमीला पात्याची पूजा असे. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून मांडतात आणि त्यांना कामाला लावत नाहीत. मामा पातं नुसतं धुवायचे नाहीत. पॉलिशच्या कागदाने घासघासून ते असं लख्ख करायचे की त्यात तोंड बघून भांग पाडता यावा. मग त्यावर विभूतीची बोटं, हळदकुंकू, झेंडू. दरवर्षीच्या या घासण्यात एक गोष्ट झाली. कुठली बाजू गवताकडे ठेवायची, हे पात्यावर कंपनीने ठोकलेल्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ती अक्षरं भक्तीत झिजून गेली. मामांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा साधा नियम होता, जसं काढलं तसंच बसवायचं.

यंदा दसऱ्यानंतर मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं हैदराबादला ऑपरेशन झालं आणि मामांनी कानस खाली ठेवली. सकाळ-संध्याकाळ मामींना व्यायाम करवणं, औषधं देणं, शेक देणं आणि मधल्या वेळात काळजी करणं, यातच त्यांचा दिवस जायला लागला. गवत गुडघ्याएवढं वाढलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मामी वॉकर धरून घरात चालायच्या, ओट्यावर येऊन बसायच्या, पण ओट्याच्या पायऱ्या उतरायला काही केल्या तयार नव्हत्या. ऑपरेशनच्या आधी त्या पायऱ्यांवर पडल्या होत्या, ती भीती मनात बसली होती. आणि येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात गावंच्या गावं घराला कडी लावून शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात चुना लावलेले दगड म्हणजे पांडव मांडायचे, शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबील खायची, आणि झाडाखाली लोळायचं. जनवाड्याला मामांच्या भावाकडे शेत आहे. लग्न होऊन आल्यापासून मामींनी तिथली येळवस एकदाही चुकवली नव्हती. बांधावरून यंदा जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त भज्जीला काय काय लागतं ते उगाचच माझ्या बायकोला सांगत बसल्या.

मामांनी मनाशी ठरवलं. शेतात जाता येत नाही तर येळवस अंगणात. हिरवळीवर कोप करायची आणि मामींना तिथे बसवायचं. पण त्यासाठी गवत बारीक पाहिजे, नाहीतर वॉकरचे पाय त्यात अडकणार. आदल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मामा मशीन काढून बसले होते. मी निमूटपणे जाऊन ते आडवं धरलं. पातं निघालं, घासलं, तोललं. बसवायला घेतलं तेवढ्यात ओट्यावरून मामींनी पाणी मागितलं. मामा हातातलं पातं तसंच खाली टाकून धावले, पाणी दिलं, गुडघा कसा आहे ते विचारलं, उशी सरळ केली, परत आले आणि पातं बसवलं.

मशीन दणक्यात सुरू झालं. मामा एक फेरी मारून आले आणि मागे वळून बघतात तर गवत कापलंच गेलेलं नाही. नुसतं झोपलं होतं, आणि थोड्या वेळाने उठूनही बसलं. मामा म्हणाले धार कमी पडली. पातं काढलं, घासलं, जसं काढलं तसंच बसवलं. गवत पुन्हा झोपून पुन्हा उठलं. मग गवतात दोष निघाला, पेट्रोलमध्ये निघाला, बंगळूरच्या मुलात निघाला. दुपार झाली. जेवायला हाक मारली तर ऐकू आली नाही. घासून घासून पात्याची रुंदी कमी व्हायला लागली होती.

मी पाणी प्यायला ओट्यावर गेलो तर मामी हळूच म्हणाल्या, "पातं उलटं बसवलेत त्यांनी. टोकं वर वळलेली पायजेत, ती खाली हायत. मला सकाळपासून दिसायलंय."

"मग सांगत कामून न्हाईत, मामी?"

मामी म्हणाल्या, "दवाखान्यातून आल्यापासून माझ्यापशीच बसून हायत. रातचंबी मी कूस बदलली की उठून इचारायलेत, दुखायलंय का म्हनून. आज पैल्यांदा मला इसरून आपल्या कामाला लागलेत. ऱ्हाऊ द्या थोडा येळ."

मी परत जाऊन मशीन धरलं. आपल्याला माहीत आहे आणि सांगायचं नाही, अशा स्थितीत मशीन फार जड लागतं.

ऊन उतरायला लागलं तसे मामा थकले. त्यांनी शेवटची फेरी मारली, उभं गवत बघितलं आणि तिथेच मातीत बसले. कानस बाजूला ठेवली. "जमत न्हाई आता, जावई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हातात काय ऱ्हायलंच न्हाई. तिला एवढं एक करून द्यायचं हुतं, तेबी व्हायना." त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला खरोखर वाईट वाटलं. मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साकु आता. पातं उलटं हाय. पालथं करा की ओ."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. मामी गवतात उभ्या होत्या. वॉकर वर ओट्यावर होता. पायऱ्या त्या कधी उतरल्या, कशाला धरून उतरल्या, ते कोणीच पाहिलं नव्हतं, आणि रागाच्या भरात ते त्यांच्याही लक्षात आलेलं नसावं. मामा उठले. पात्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते मामींच्या पायांकडे बघत होते. मग मामींनीही खाली बघितलं, आणि घाबरून हात पुढे केला. मामांनी तो धरला. माझी बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी नट सैल करायला घेतला, कारण कोणीतरी काहीतरी करणं भाग होतं.

गवत कापून झालं. दुसऱ्या दिवशी जनवाड्याहून कडबा आला, कोप झाली, पांडव बसले. भज्जी मामींनी खुर्चीवर बसून स्वतः ढवळली, त्यामुळे ती जास्त चांगली झाली होती, का मी जास्त खाल्ली, ते सांगता येणार नाही. जेवण झाल्यावर मामा हिरवळीवर आडवे झाले ते घोरायला लागले. मामींनी त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून खुर्ची सरकवून घेतली आणि आपली सावली त्यांच्यावर पाडून बसल्या. ऊन सरकेल तशी खुर्चीही थोडी थोडी सरकत होती.

संध्याकाळी त्यांना आत न्यायला आम्ही उठलो. मामी म्हणाल्या, "थांबा वाईच." मग रस्त्यापलीकडे, जनवाडा असतो त्या बाजूला बघत त्या मामांना म्हणाल्या, "पुढच्या येळवशीला शेतात जायाचं का?"

मामा नुकतेच जागे झाले होते. केसांत गवताच्या काड्या होत्या. दोघांचंही वय आता असं आहे की पुढच्या वर्षाचं बोलताना आजूबाजूची माणसं उगाच दुसरीकडे बघतात. मीही बघितलं.

"जाऊ की," मामा म्हणाले, आणि मामींना उठवायला त्यांनी हात दिला.