डिक्कीत वितळलेल्या मेणबत्त्या

यंदा बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीला मेणबत्त्या आईतर्फे होत्या. हिवाळ्यात ती दवाखान्यात होती, तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया पाळ्या लावून तिच्या उशाशी बसल्या. घरी आल्यापासून तिचं एकच चालायचं, "त्यायच्यासाठी काहीतरी करा लागते." शेवटी तिनं ठरवलं, त्या संध्याकाळी विहारातून निघणाऱ्या प्रत्येक बाईला आपल्या हातानं मेणबत्ती द्यायची. आणायचं काम माझ्याकडे दिलं. पन्नाशीतल्या माझ्यावर एवढा भरवसा टाकणारी आता तीच एक उरली आहे.

सकाळी पांढुर्ण्याला काम होतं. तिथून चांगल्या जाड मेणबत्त्या घेतल्या, स्कूटरच्या डिक्कीत कोंबल्या आणि वाटेत मोहगावला बहिणीकडे जेवायला थांबलो. आमरस होता. त्यानंतर मी "जरा पाठ टेकतो" म्हणालो. उठलो तेव्हा झाडाची सावली कधीच पलीकडे गेली होती आणि स्कूटर मे महिन्याच्या उन्हात तापत होती.

सौंसरला घरी येऊन डिक्की उघडली, तर आत एकच मेणबत्ती. डिक्कीएवढी रुंद, आणि चहूकडून वाती डोकावणारी.

बाजारात पळालो. दुकानांतल्या मेणबत्त्या दुपारीच संपल्या होत्या. परत आलो तर आई त्या गोळ्यावर हात ठेवून बसलेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"आता मी त्यायले काय देऊ?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. दवाखान्यात सगळ्यात जास्त त्याच बसल्या होत्या.

"काय करून राहिले वो मायलेक? कोणी मेलं का?"

मी गोळा दाखवला. त्या पोट धरून हसल्या. "मेण तं सगळं इथंच हाय ना! उडून थोडीच गेलं?"

त्यांनी परसातल्या पपईच्या पानांचे पोकळ देठ कापून आणले. हाक मारली तशा आणखी दोघीतिघी आल्या. आईनं गोळा पातेल्यात टाकून ते उकळत्या पाण्यात ठेवलं, वाती चिमट्यानं काढल्या, एकेका देठात सोडल्या.

"बाबू, तू नळ्या उभ्या धर. अन् झोपू नको."

पाण्यासारखं दिसणारं मेण देठात ओतलं की कडेनं पांढुरकं होत आत थिजत यायचं आणि मध्ये खड्डा पडायचा. तो पुन्हा भरायचा. पण त्या उकाड्यात ते घट्ट व्हायला तयार नव्हतं. मग घरातला एकुलता कूलर मेणबत्त्यांकडे वळवला. आम्ही घामानं निथळत राहिलो. देठ चिरून बाहेर निघालेल्या मेणबत्त्या सडपातळ आणि जरा हिरवट होत्या. माझ्या हातच्या वाकड्या.

संध्याकाळी विहाराच्या दाराशी आई पांढऱ्या लुगड्यात उभी राहून वाटत होती. काकूंची पाळी आली.

"माह्याच हातची मलेच देऊन राहिली का वो?"

"मेण माह्यं हाय. घे चुपचाप."

काकूंनी मेणबत्ती पेटवली. ती तडतडली, विझते की काय वाटलं, मग नीट पेटली. काकूंनी तिच्यावरच आईची पेटवली आणि दोघी हळूहळू चालू लागल्या. काकूंचा एक हात आईच्या कोपराखाली होता. सकाळपर्यंत मला वाटत होतं की आज आईचं देणं फिटणार. आता त्या देण्यात मीही वाटेकरी झालो होतो, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं.