पुढच्या कार्ब्युरेटरची स्प्रिंग

गेझिना वेन्स्ट्रा भित्री होती आणि न्यू हार्लिंगन गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळ्यावर बर्फ धरला की ती काठावरूनच नातवंडांना हाका मारत बसायची. वीज कडाडली की हातातलं शिवण ठेवून स्तोत्र म्हणायची. पण तिची खरी धास्ती घरच्याच गॅरेजमध्ये उभी होती. ती म्हणजे नवऱ्याची, बेरेंडची, लाल गाडी.

बेरेंड दिवसभर फर्निचरच्या कारखान्यात असायचा. संध्याकाळ मात्र त्या गाडीची. तिच्या दांडग्या इंजिनावर ओळीने तीन कार्ब्युरेटर होते. बेताने चालवलं तर मधला एकटाच इंजिनाला पेट्रोल पाजायचा. पाय खोल दाबला की पुढचा आणि मागचाही तोंड उघडायचे, आणि गाडी अशी झेप घ्यायची की गेझिनाचं काळीज मागेच कुठेतरी रस्त्यावर पडायचं.

त्या उन्हाळ्यात पुढचा कार्ब्युरेटर गळायला लागला. बेरेंडने भंगारातल्या एका इंजिनावरचा सोडवून आणला. जात तीच, पण इंजिन थोरलं. शनिवारी दुपारभर तो बॉनेटखाली वाकलेला होता. भोकं जुळली, बोल्ट बसले. फक्त नव्याची, तोंड उघडमिट करणारी दांडी बोटभर लांब निघाली. पाय उचलल्यावर त्या कार्ब्युरेटरचं तोंड मिटवणारी स्प्रिंग आता जुन्या जागी लागेना. तिच्यासाठी वेगळी पट्टी वाकवून बसवायला हवी होती.

तेवढ्यात गेझिना दारात आली. "बेरेंड, सहा वाजले."

"दहा मिनिटं दे गं."

"तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत. बटाटे सोलून झाले, आईंचे बूट पुसून झाले. आता हत्यारं आत."

त्या कर्मठ गावात रविवारी काम करणं पाप, आणि रविवार शनिवारच्या जेवणापासूनच सुरू व्हायचा. मग सोमवारपर्यंत गवताला यंत्र लागत नसे, दोरीवर कपडा दिसत नसे. बेरेंडने स्प्रिंग फळीवर ठेवली आणि हात धुतले.

सकाळी चर्चला निघताना रोजची गाडी, स्टेशन वॅगन, चालूच होईना. बॅटरी उतरलेली.

"दुसरी बॅटरी आहे की तुझ्याकडे, बदल," सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंचं नाव हिल्के; वय झालेलं, जीभ मात्र तशीच धारदार.

"आई, बॅटरी बदलणं म्हणजे काम. आज रविवार."

"मग मी काय उडत जाऊ?"

बेरेंडने लाल गाडीची चावी उचलली तशी गेझिनाने त्याचं मनगट धरलं. "ती स्प्रिंग नाही ना लावलेली?"

"अगं, हळू चालवलं तर पुढचा जागासुद्धा होत नाही. मधल्यावरच जाऊ. शवपेटी नेतात तसं नेतो, मग तर झालं?"

"असलं अभद्र बोलू नकोस."

गावाबाहेर पडेपर्यंत त्याने शब्द पाळला. गेझिना मात्र इंजिनाचा एकेक हुंकार कान देऊन ऐकत होती, ओठांत देवाचं नाव होतं. पुढे तळ्यावर निघालेल्या पाहुण्यांची एक कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं घर, रखडत चालली होती.

"आपण पोचेपर्यंत पाद्रीबुवा आमेन म्हणतील," मागून सासूबाई.

बेरेंडने तिला मागे टाकायला गाडी बाहेर काढली. कॅराव्हॅनच्या निम्म्यापर्यंत गेले नाहीत तोच समोरून एक ट्रक आला. आता मागे सरायला वेळ नव्हता. त्याचा पाय आपोआप खोल गेला. तिन्ही कार्ब्युरेटर गरजले, गाडी ट्रकसमोरून निसटून आपल्या बाजूला आली.

बेरेंडने पाय उचलला. पेडल वर आलं. गाडी मात्र ओढतच राहिली.

"बेरेंड, पुरे!"

"मी काही करत नाहीये!"

पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी चर्च. शेतात गाड्या लावून बायका-मुलं रस्ता ओलांडत होती. पांढरे मोजे, हातात स्तोत्रांची पुस्तकं. बेरेंड दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता. चाकांतून जळका वास येऊ लागला. स्टिअरिंगवर त्याच्या मुठी अशा आवळल्या होत्या की गिअर काढायला हात सुटेना.

चावी तिच्या बाजूलाच होती. पण चालत्या गाडीची चावी फिरवायची नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं: ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग वळत नाही. बंद केली तर गाडी वळणार नाही. नाही केली तर... निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी रस्त्याच्या मधोमध थांबून बूट नीट करत होती.

गेझिनाने डोळे मिटले आणि चावी फिरवली.

गर्जना तुटली. फक्त चाकांची घरघर उरली. "दाब!" ती किंचाळली, आणि बेरेंड सगळ्या अंगानिशी ब्रेकवर रेलला. गाडी जडपणे सरकत, कलत, चर्चच्या कुंपणाच्या अलीकडे थांबली. मुलीच्या आईने तिला ओढून कडेवर घेतलं होतं. पुस्तकं रस्त्यावर पडली होती.

बेरेंड उतरला. बॉनेट उघडलं, पुढच्या कार्ब्युरेटरची दांडी हाताने मागे लोटली आणि गळ्यातला टाय सोडून तिला करकचून बांधली.

चर्चचे पंच टॅमिंगा काठी टेकत आले. "वेन्स्ट्रा, आज रविवार. हे काम चाललंय का?"

"टाय बांधतोय तो," खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "रविवारी सगळेच बांधतात."

प्रार्थनेत गेझिना उभी राहिली, बसली, पण एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. सहा वाजल्याची हाक आपणच मारली होती, एवढंच मनात फिरत होतं. देवाला ते कसं सांगावं, तिला कळेना.

परत निघताना बेरेंडने तिच्यासाठी दार उघडलं. "बस. आता पुढचा उघडूच शकत नाही."

"मी चालत येते."

"या टाचांवर? घरापर्यंत?"

ती चालू लागली. तो बैलगाडीच्या वेगाने तिच्या शेजारून गाडी चालवत राहिला.

"बस गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "मरायचं तर वयाने आधी माझा नंबर, आणि मी बसलेय की मागे."

गेझिनाने नाही म्हणून मान हलवली. मध्येच चढावर इंजिन जरासं घुमलं आणि ती बुटांसकट गवतात उतरली, कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरून. आवाज खाली येईपर्यंत तिने तो सोडला नाही.